ग्लेन यंगकिन यांचा जाहीरनामा: कुठलं वचन कोणाच्या हातात होतं?

अमेरिकेतल्या राज्याचा गव्हर्नर म्हणजे आपल्याकडचा राज्यपाल नव्हे. तो थेट मतदारांनी निवडलेला असतो आणि कामाच्या बाबतीत आपल्या मुख्यमंत्र्याच्या जवळ जातो. पण मुख्यमंत्र्याला विधानसभेत बहुमत लागतं, गव्हर्नरला लागत नाही. निवडणूक एका पक्षाच्या उमेदवारानं जिंकली आणि सभागृह दुसऱ्या पक्षाच्या ताब्यात, असं तिथे नेहमी घडतं. म्हणून गव्हर्नरपदाच्या उमेदवाराचा जाहीरनामा वाचताना वचन चांगलं की वाईट एवढं पाहून भागत नाही. ते पुरं करायची किल्ली कोणाकडे आहे, हे आधी शोधावं लागतं.

व्हर्जिनिया राज्यातली २०२१ ची निवडणूक यासाठी उत्तम उदाहरण आहे. रिपब्लिकन पक्षाचे ग्लेन यंगकिन हे कार्लाइल ग्रुप या गुंतवणूक कंपनीचे माजी सह-प्रमुख. याआधी कुठल्याही पदावर निवडून आलेले नव्हते. समोर डेमोक्रॅटिक पक्षाचे टेरी मॅकॉलिफ, २०१४ ते २०१८ या काळातले माजी गव्हर्नर. व्हर्जिनियात गव्हर्नरला लागोपाठ दुसऱ्यांदा उभं राहता येत नाही, त्यामुळे प्रत्येक निवडणुकीत पद रिकामंच असतं. २०२० मध्ये बायडन यांनी हे राज्य सुमारे १० टक्क्यांनी जिंकलं होतं. वर्षभरातच, २ नोव्हेंबर २०२१ ला, यंगकिन यांना ५०.६ टक्के आणि मॅकॉलिफ यांना ४८.६ टक्के मतं पडली. फरक सुमारे ६३ हजार मतांचा होता.

वॉशिंग्टनला लागून असलेल्या फेअरफॅक्स आणि लाउडन या काउंट्यांमध्ये (काउंटी म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्यासारखा भाग) मराठी कुटुंबं भरपूर आहेत. त्यातले बरेच जण व्हिसावर असल्यामुळे मत देऊ शकत नाहीत, पण किराण्यावरचा कर त्यांनाही भरावा लागतो आणि मुलं त्याच सरकारी शाळांत जातात. तेव्हा हा विषय त्यांच्याही घरातला आहे.

यंगकिन यांनी आपल्या कार्यक्रमाला ‘डे वन गेम प्लॅन’ असं नाव दिलं होतं, म्हणजे पदावर आल्या दिवसापासून करायची कामं. त्यात कर, शाळा, पोलिस, मतदार ओळखपत्र, नोकऱ्या असं बरंच काही होतं. कर आणि शाळा या दोन गोष्टींवर निवडणूक फिरली, म्हणून इथेही त्यांनाच जास्त जागा देतो आहोत.

करांची वचनं, आकड्यांसकट

पहिलं वचन होतं किराण्यावरचा कर रद्द करण्याचं. व्हर्जिनियात खाद्यपदार्थांवर २.५ टक्के विक्रीकर होता. त्यातला १.५ टक्का राज्याचा आणि १ टक्का स्थानिक काउंटीचा किंवा शहराचा. महिन्याला ८०० डॉलरचा किराणा भरणाऱ्या कुटुंबाचे वर्षाला ९,६०० डॉलर खर्च होतात. पूर्ण कर गेला तर २४० डॉलर वाचतात, फक्त राज्याचा वाटा गेला तर १४४.

अडचण अशी की हा पैसा आधीच कुठे जायचा ते ठरलेलं होतं. राज्याच्या दीड टक्क्यातला १ टक्का शाळकरी मुलांच्या संख्येनुसार शाळांसाठी वाटला जायचा आणि अर्धा टक्का रस्ते-वाहतुकीला. कर काढला की शाळांच्या हिशेबात खड्डा पडणार, मग तो सर्वसाधारण अर्थसंकल्पातून भरायचा. स्थानिक १ टक्क्याला हात लावला असता तर प्रत्येक काउंटीनं विरोध केला असता. शेवटी झालं ते असं: १ जानेवारी २०२३ पासून राज्याचा दीड टक्का गेला, स्थानिक १ टक्का राहिला. वचन निम्म्याहून जास्त पुरं झालं. पण ते पुरं व्हायला मदत कोणाची झाली, हेही पाहायला हवं.

व्हर्जिनियाचा अर्थसंकल्प दोन वर्षांचा असतो आणि १ जुलैला सुरू होतो. नवा गव्हर्नर जानेवारीच्या मध्याला शपथ घेतो, पण अर्थसंकल्पाचा मसुदा त्याआधी डिसेंबरात मावळता गव्हर्नर मांडतो. म्हणजे यंगकिन यांच्या हाती आलेला पहिला अर्थसंकल्प मुळात डेमोक्रॅट गव्हर्नर राल्फ नॉर्दम यांचा होता. तिजोरीत तेव्हा भरपूर शिल्लक होती, आणि किराण्यावरचा राज्याचा दीड टक्का काढण्याचा प्रस्ताव नॉर्दम यांनी स्वतःच त्यात घातला होता. दोन्ही पक्षांना हवी असलेली गोष्ट होती, म्हणून ती झाली.

एकदाच द्यायच्या रिबेटचंही तसंच. यंगकिन यांचं वचन एकट्याला ३०० आणि जोडप्याला ६०० डॉलरचं. नॉर्दम यांच्या मसुद्यात २५० आणि ५०० होते. २०२२ मध्ये लोकांच्या खात्यात पडले ते २५० आणि ५००. शिवाय रिबेट मिळायला आधी राज्याचा प्राप्तिकर लागू असावा लागतो. उत्पन्न इतकं कमी की करच बसत नाही, अशा घराला काही मिळालं नाही. प्रचाराच्या फलकावर ही अट कधीच नसते.

तिसरं वचन सगळ्यात जास्त पैशांचं होतं: स्टँडर्ड डिडक्शन दुप्पट करणं. म्हणजे कर मोजण्याआधी उत्पन्नातून सरसकट वजा होणारी रक्कम. तेव्हा ती एकट्याला ४,५०० आणि जोडप्याला ९,००० डॉलर होती. राज्याचा सर्वात वरचा दर ५.७५ टक्के आहे आणि तो १७,००० डॉलरच्या पुढच्या करपात्र उत्पन्नाला लागतो, म्हणजे नोकरी करणाऱ्या जवळपास प्रत्येकाला. दुप्पट झालं असतं तर जोडप्याचे ९,००० च्या ५.७५ टक्के, म्हणजे ५१७ डॉलर ५० सेंट वाचले असते. विधिमंडळात घासाघीस होऊन आकडा ८,००० आणि १६,००० वर थांबला. बचत झाली ४०२ डॉलर ५० सेंट.

यातही एक मेख आहे. केंद्रीय रिटर्नमध्ये ज्यानं घरकर्जाचं व्याज, देणग्या वगैरे एकेक करून वजा केलं, त्याला व्हर्जिनियाच्या रिटर्नमध्येही तसंच करावं लागतं. तिथे स्टँडर्ड डिडक्शन घेता येत नाही. म्हणजे मोठं घरकर्ज असलेल्या आणि अशी वजावट घेणाऱ्या उत्तर व्हर्जिनियातल्या कुटुंबाला या सवलतीचा एक डॉलरही फायदा नाही. आपल्याला नक्की किती मिळणार हे पाहायचं तर आधी मागच्या वर्षीचं रिटर्न उघडावं.

पेट्रोलचं वचन त्या मानानं छोटं होतं. २०२० च्या कायद्यानं राज्याचा पेट्रोल कर गॅलनमागे दोन टप्प्यांत वाढला: १६.२ सेंटांवरून २१.२, आणि जुलै २०२१ पासून २६.२. यातली शेवटची ५ सेंटांची वाढ बारा महिने स्थगित करू, असं यंगकिन म्हणाले. वर्षाला ५०० गॅलन भरणाऱ्याचे यात २५ डॉलर वाचतात. हा पैसा रस्त्यांच्या निधीत जातो, त्यामुळे सिनेटच्या, म्हणजे राज्याच्या विधिमंडळातल्या वरिष्ठ सभागृहाच्या, अर्थ समितीत डेमोक्रॅट सदस्यांनी ते रोखलं. पुढे युक्रेन युद्धानंतर दर भडकले तेव्हा यंगकिन यांनी तीन महिन्यांची करसुट्टी मागितली. तीही सिनेटमध्ये पडली. कर कमी केला तर पंपावरचा दर तितकाच उतरेल याची हमी कोण देणार, हा विरोधकांचा प्रश्न होता आणि तो रास्त होता.

मालमत्ता कराचं वचन मात्र मुळापासून अवघड होतं. काउंटीला घरपट्टी वाढवायची असेल तर आधी लोकांचं मतदान घ्यावं, असं ते होतं. घरपट्टी गव्हर्नर ठरवत नाही, काउंटीचं मंडळ ठरवतं. आणि बिल वाढतं ते बहुतेक वेळा दर वाढल्यामुळे नाही, घराची सरकारी किंमत वाढल्यामुळे. फेअरफॅक्सचा २०२१ चा दर १०० डॉलरमागे १.१४ डॉलर होता. ६ लाखांच्या घराला ६,८४० डॉलर. पुढच्या वर्षी दर १.११ वर आला. पण त्याच घराची किंमत ६ लाख ६० हजार धरली गेली असेल तर बिल ७,३२६. दर उतरला, बिल जवळपास ५०० डॉलरनं चढलं. अशा वेळी ‘वाढ’ कशाला म्हणायचं, दराच्या वाढीला की बिलाच्या, हे कायद्यात आधी नीट लिहावं लागतं. शिवाय शाळा, अग्निशमन, पोलिस यांचा मोठा खर्च याच पैशातून भागतो. हे वचन कायद्यात उतरलं नाही.

लष्करातून निवृत्त झालेल्यांच्या पेन्शनमधले पहिले ४० हजार डॉलर करमुक्त करण्याचं वचन टप्प्याटप्प्यानं पुरं झालं: २०२२ ला १० हजार, मग दर वर्षी १० हजारांची वाढ. नॉरफोकचा नौदल तळ आणि पेंटागॉन ज्या राज्यात आहेत तिथे याला विरोध करायला कोणीच धजावत नाही.

शाळा: निवडणूक इथे फिरली

२०२०-२१ मध्ये उत्तर व्हर्जिनियातल्या सरकारी शाळा दीर्घकाळ बंद होत्या किंवा अर्धवट चालू होत्या. पालक वैतागले होते, आणि त्यात डेमोक्रॅट पालकही होते. यंगकिन यांच्या मागण्या अशा: शाळा आठवड्याचे पाचही दिवस प्रत्यक्ष भरवायच्या, ‘क्रिटिकल रेस थिअरी’ वर्गातून हद्दपार करायची, किमान २० नव्या चार्टर शाळा काढायच्या, गुणवत्तेवरचे प्रवेश परत आणायचे. २८ सप्टेंबरच्या वादसभेत मॅकॉलिफ म्हणाले की शाळांनी काय शिकवावं हे पालकांनी सांगावं असं मला वाटत नाही. शाळेच्या ग्रंथालयातल्या पुस्तकांवरच्या वादात ते बोलत होते. पण पुढचे पाच आठवडे टीव्हीवर तेच एक वाक्य वाजत राहिलं.

‘क्रिटिकल रेस थिअरी’ हा मुळात कायद्याच्या उच्च शिक्षणातला विचार. वंशभेद हा फक्त माणसांच्या मनात नसतो, तो कायद्यांत आणि संस्थांत मुरलेला असतो, असं तो मांडतो. राज्याच्या शालेय अभ्यासक्रमात या नावाचा धडा नव्हता. मात्र शिक्षकांच्या प्रशिक्षणात आणि शिक्षण खात्याच्या काही कागदपत्रांत या विचाराचे संदर्भ होते. दोन्ही बाजू आपापल्या अर्ध्या सत्यावर ठाम राहिल्या. १५ जानेवारी २०२२ ला यंगकिन यांनी सही केलेल्या पहिल्याच आदेशानं खात्यातल्या अशा सामग्रीचा आढावा घेऊन ती काढायला सांगितलं. खातं गव्हर्नरच्या हाताखाली आहे, म्हणून एवढं एका सहीनं होऊ शकलं. प्रत्यक्ष वर्गात काय बोललं जातं यावर त्या सहीची पकड फारच कमी.

मास्कच्या आदेशाचं जे झालं ते बारकाईनं पाहण्यासारखं आहे. दुसरा आदेशही पहिल्याच दिवशीचा: मुलानं शाळेत मास्क घालायचा की नाही ते पालक ठरवतील, २४ जानेवारीपासून. सात शाळा मंडळं कोर्टात गेली. व्हर्जिनियाच्या राज्यघटनेत शाळांची देखरेख स्थानिक शाळा मंडळांकडे दिली आहे, ती गव्हर्नरच्या आदेशानं काढून घेता येत नाही, हा त्यांचा मुख्य मुद्दा. आर्लिंग्टनच्या न्यायाधीशांनी ४ फेब्रुवारीला त्या मंडळांपुरता आदेश रोखला. मग तीच गोष्ट विधेयकातून आली. सिनेटमध्ये डेमोक्रॅटांचं २१ विरुद्ध १९ बहुमत होतं, पण त्यांच्यातल्या काहींनी साथ दिली. सामान्य कायदे १ जुलैला लागू होतात. गव्हर्नरनी त्यात तातडीची दुरुस्ती घातली, सभागृहांनी ती मान्य केली आणि १ मार्चपासून मास्क ऐच्छिक झाले. आदेश काढायला एक दिवस लागला आणि तो तीन आठवड्यांत अडकला. कायद्याला महिनाभर जास्त लागला, पण तो टिकला.

चार्टर शाळा म्हणजे सरकारी पैशावर चालणारी पण रोजच्या कारभारात मोकळीक असलेली शाळा. व्हर्जिनियात तेव्हा त्या दहाच्याही आत होत्या, कारण परवानगी स्थानिक शाळा मंडळाकडून घ्यावी लागते. आपल्याच विद्यार्थ्यांचा आणि निधीचा वाटा दुसऱ्या शाळेला द्यायला कुठलं मंडळ खुशीनं तयार होईल? मंडळांना वळसा घालणारी विधेयकं सिनेटमध्ये अडली. त्याऐवजी कॉलेज-विद्यापीठांच्या भागीदारीनं चालणाऱ्या ‘लॅब स्कूल’ शाळांसाठी १० कोटी डॉलर मिळाले. वेगळी गोष्ट, पण हाती आली ती ही.

भारतीय घरांमध्ये सगळ्यात जास्त बोललं गेलं ते थॉमस जेफरसन हायस्कूलबद्दल. फेअरफॅक्समधली ही विज्ञान-तंत्रज्ञानाची नामांकित सरकारी शाळा. काउंटीच्या शाळा मंडळानं २०२० अखेर प्रवेश परीक्षा काढून टाकली आणि प्रत्येक माध्यमिक शाळेतल्या वरच्या दीड टक्क्याला जागा राखल्या. पुढच्या तुकडीत आशियाई वंशाच्या मुलांचं प्रमाण ७३ वरून ५४ टक्क्यांवर आलं. यंगकिन यांनी प्रचारात गुणवत्तेची बाजू घेतली आणि अनेक आशियाई पालकांना ते पटलं. पण प्रवेशाचे नियम काउंटीच्या मंडळाचे. पालकांची केंद्रीय न्यायालयातली लढाई त्याआधीच चालू झाली होती. फेब्रुवारी २०२२ मध्ये निकाल त्यांच्या बाजूनं लागला, मे २०२३ मध्ये अपील न्यायालयानं तो फिरवला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं प्रकरण ऐकायला नकार दिला. नवी पद्धत कायम राहिली. ज्यांनी या एका मुद्द्यावर मत दिलं, त्यांनी काउंटीच्या शाळा मंडळाची निवडणूक पाहायला हवी होती. तिथे मतदान नेहमीच कमी होतं.

कमी आवाजात मांडलेल्या भूमिका

गर्भपातावर यंगकिन स्वतः विरोधी बाजूचे. बलात्कार, जवळच्या नात्यातले संबंध आणि आईच्या जिवाला धोका एवढे अपवाद मान्य. प्रचारात मात्र ते या विषयावर शक्यतो गप्प राहिले. यावर जास्त बोललं तर मधले मतदार जातील, असं ते सांगत असल्याचं छुपं ध्वनिमुद्रण जुलै २०२१ मध्ये बाहेर आलं होतं. जून २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हा प्रश्न राज्यांवर सोपवल्यावर त्यांनी १५ आठवड्यांची मर्यादा मागितली. जानेवारी २०२३ मध्ये ती विधेयकं सिनेटमध्ये संपली. त्या नोव्हेंबरात त्यांनी विधिमंडळाची निवडणूक याच मुद्द्यावर लढवली आणि कनिष्ठ सभागृहही गमावलं, ५१ विरुद्ध ४९. उमेदवार कशावर बोलायचं टाळतो आहे, तेही मतदारानं टिपून ठेवावं.

हवामानाबद्दलही तसंच. ईशान्येकडच्या राज्यांच्या ‘रेजी’ या कार्बन बाजारात व्हर्जिनिया जानेवारी २०२१ मध्ये गेलं होतं. वीज कंपन्यांना कार्बनचे परवाने लिलावात विकत घ्यावे लागतात. डोमिनियन कंपनीनं तो खर्च १,००० युनिट वीज वापरणाऱ्या घराच्या बिलात महिन्याला २ डॉलर ३९ सेंट असा लावला. लिलावाच्या पैशातला ४५ टक्के वाटा पूरनिवारणाला आणि ५० टक्के गरीब घरांतली वीजबचतीची कामं करायला जात होता. यातून बाहेर पडू, हे यंगकिन यांनी ठळकपणे जाहीर केलं ते जिंकल्यावर, डिसेंबर २०२१ मध्ये. आदेशानं बाहेर पडता येत नव्हतं, कारण सहभाग कायद्यानं ठरला होता. म्हणून त्यांनी हवा प्रदूषण मंडळावर आपले सदस्य नेमले आणि जून २०२३ मध्ये मंडळानं नियम रद्द केला. फ्लॉइड काउंटीच्या न्यायालयानं नोव्हेंबर २०२४ मध्ये ते बेकायदा ठरवलं.

पोलिसांना जास्त पगार आणि सध्याचं कायदेशीर संरक्षण कायम, हे वचन दोन्ही पक्षांतल्या अनेकांना चालण्यासारखं होतं. कैद्यांच्या मुदतपूर्व सुटकेचा निर्णय घेणारं पॅरोल मंडळ बरखास्त करण्याचं वचन पहिल्याच दिवशी पुरं झालं, कारण ते पूर्णपणे गव्हर्नरच्या हातात होतं. पण नवे सदस्य पक्के करायला विधिमंडळ लागतं. सिनेटनं पाचपैकी चार नावं फेटाळली.

विधेयक कुठे मेलं ते कसं शोधायचं

व्हर्जिनियाचं विधिमंडळ सम वर्षी ६० दिवस बसतं. विषम वर्षी ३०, जे बहुतेक वेळा ४६ पर्यंत वाढवतात. इतक्या कमी दिवसांत बहुतेक विधेयकं पूर्ण सभागृहापर्यंत पोचतच नाहीत. विधिमंडळाच्या संकेतस्थळावर प्रत्येक विधेयकाचा क्रमांक टाकला की त्याचा प्रवास तारखांसकट दिसतो. तिथे ‘पास्ड बाय इंडेफिनिटली’ असं दिसलं तर विधेयक मंजूर झालं असं समजू नये. समितीनं ते कायमचं बाजूला ठेवलं असा त्याचा अर्थ. ‘लेफ्ट इन कमिटी’ म्हणजे समितीनं त्यावर मतदानच घेतलं नाही आणि मुदत संपली. ही नोंद पुढाऱ्यांना सोयीची असते, कारण विरोधात कोणी मत दिलं ते कागदावर राहत नाही. मतदान झालं असेल तर समितीतल्या प्रत्येकाचं नाव ‘हो’ किंवा ‘नाही’ खाली मिळतं.

दोन्ही सभागृहांतून आलेल्या विधेयकावर गव्हर्नरला सात दिवस मिळतात. अधिवेशन संपल्यावर आलं असेल तर तीस. तो सही करू शकतो, नकाराधिकार वापरू शकतो किंवा आपल्या दुरुस्त्या लिहून परत पाठवू शकतो. या दुरुस्त्यांसाठी अधिवेशन संपल्यानंतरच्या सहाव्या बुधवारी सभागृहं पुन्हा बसतात. दुरुस्ती मान्य करायला साधं बहुमत पुरतं. नकाराधिकार उलटवायला मात्र हजर सदस्यांपैकी दोन तृतीयांश लागतात: सगळे हजर असतील तर हाऊस ऑफ डेलिगेट्स या कनिष्ठ सभागृहाच्या १०० पैकी ६७ आणि सिनेटच्या ४० पैकी २७. २०२४ मध्ये दोन्ही सभागृहं डेमोक्रॅटांकडे गेली तरी इतके सदस्य त्यांच्याकडे नव्हते, त्यामुळे शेवटची दोन वर्षं यंगकिन यांचा मुख्य अधिकार नवं काही करण्याचा नव्हता, समोरून आलेलं थांबवण्याचा होता.